शेणाच्या नळ्या घेऊन वैनगंगेपलीकडे

वर्ध्यानंतर गाडी दक्षिणेला वळली आणि खिडकीबाहेरचा रंग बदलायला लागला. कापसाची शेतं मागे पडली, रुळांशेजारी कोळशाच्या वाघिणी उभ्या दिसू लागल्या. चंद्रपूर जवळ आलं तशी धुक्यातून वीज केंद्राची धुराडी वर आली, आणि त्यांच्या पायथ्याशी काळपट हिरवं जंगल. कारखाना आणि रान इतके एकमेकांना चिकटून उभे मी कधी पाहिले नव्हते. समोरच्या बाकावरचे गृहस्थ बऱ्याच वेळापासून मला काहीतरी विचारायच्या बेतात होते.

"कुठी जाऊन राह्यल्या?"

"ब्रह्मपुरीला. मग नदीपलीकडे, आरमोरीच्या बाजूला."

"सोयरे आहेत?"

"नाही. काम आहे."

"काय काम?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले. उत्तर अगदी सोपं होतं, पण तोंडातून निघेना. मी शेण आणायला चालले होते.

घरी बसून हे वाचणाऱ्यांना आधी थोडं सांगायला हवं. मी पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. जनावरांच्या शरीरात तयार होणारे हार्मोन मोजणं हे आमचं काम. त्यासाठी दर वेळी सुई टोचावी लागतेच असं नाही. हार्मोनच्या खुणा शेणात उतरतात, ताज्या शेणाचा छोटासा गोळा पुरतो. आणि सध्या आम्ही ज्याच्या मागे आहोत ती गोष्ट मला तरी फार चमत्कारिक वाटते. काही झाडं आपल्या पानांत आणि दाण्यांत असे पदार्थ बनवतात, जे मादीच्या शरीरातल्या इस्ट्रोजेन या हार्मोनसारखे दिसतात आणि त्याच्यासारखेच वागतात. सोयाबीनमध्ये ते असतात, लसूणघासात असतात, बरसीमच्या चाऱ्यात असतात. गाय चारा खाते, आणि चाऱ्याबरोबर झाडाचा हा निरोपही खाते. तो निरोप तिच्यासाठी नसतोच, पण तिचं शरीर तो ऐकतं.

हे सगळं मी इंग्रजीत शिकले. शाळा इंग्रजी, पुस्तकं इंग्रजी, प्रयोगशाळेतली बडबडही इंग्रजी. शिवाय ज्या गायींचे आकडे मी रोज मोजत होते त्यांच्यातली एकही मी पाहिली नव्हती. सोयाबीन पिकवणारा, धान पिकवणारा आणि जंगलात गुरं चारणारा असा सगळा मुलूख एका प्रवासात सापडेल तिथे कोणीतरी जायला हवं, असं आमचे सर म्हणाले तेव्हा सगळे आपापल्या वह्यांत बघायला लागले. हात वर झाला तो माझा होता. मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

पहिला मुक्काम घुग्घुस. चंद्रपूरहून तिथे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रकांची रांग संपतच नव्हती. कोळसा आणि सिमेंट या दोन धुळी रस्त्यावर एकत्र येतात आणि झाडांची पानं, टपऱ्यांची छपरं, मोटारसायकलींच्या टाक्या सगळ्यांना एकच रंग देतात. टपरीवर तर्री पोहे खाल्ले (पोह्यांवर चण्याचा झणझणीत रस्सा ओततात). डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसरी बशी मागितली. टपरीच्या मागे दोन गायी कुटार (सोयाबीनच्या मळणीनंतर उरलेला भुसा) खात उभ्या होत्या. मी हातमोजे चढवले, नळी काढली आणि गायीच्या मागे जाऊन वाट बघत उभी राहिले.

खाणीतली पाळी सुटली होती. एक जण मोटारसायकल थांबवून बघायला लागला. मग आणखी एक.

"मॅडम, काय हरवलं?"

"काही नाही. शेण हवंय."

त्याने जोडीदाराकडे पाहिलं. "पुण्यामुंबईत आता शेणही भेटत नाई का बे?"

तेवढ्यात गायीने माझी लाज राखली. मी नळी भरली, बर्फाच्या डब्यात ठेवली. मागून टाळ्या पडल्या. माझे कान तापले होते, पण ती माझी पहिली नळी होती, आणि तिच्यावरच्या आकड्याला पहिल्यांदाच शिंगं होती.

ब्रह्मपुरीची एसटी मूल आणि सिंदेवाही या गावांवरून जाते. मूलच्या अलीकडे रस्ता जंगलात शिरतो. सागाची सुकलेली मोठमोठी पानं रस्त्यावर घरंगळत होती. पुलाच्या कठड्यावर वानरं बसली होती. 'वन्यप्राणी रस्ता ओलांडतात' अशी पाटी दिसली की बसमधले सगळे एकदा बाहेर बघत आणि पुन्हा गप्पांना लागत. मी मात्र पाटी नसली तरी बघत होते.

सिंदेवाहीला बस थांबली. कंडक्टर पान खायला उतरला, मी पाय मोकळे करायला. बर्फाचा डबा सीटवरच होता. चहाचा पहिला घोट घेतला आणि बस सुरू झाली. मला वाटलं जरा पुढे घेताहेत. पण ती फाटकाबाहेर पडली आणि वळली.

ओरडायला हवं होतं. 'थांबवा' हा काही अवघड शब्द नाही. हातातला चहा सांडत मी नुसती धावले. माझ्याशेजारून कोणीतरी माझ्यापेक्षा जोरात धावत होतं. पाहिलं तर तोंडात पान धरलेला कंडक्टर!

"अबे थांबव! मी इथी हाव बे!"

कोपऱ्यावर बैलगाडी आडवी आली म्हणून बस थांबली. आम्ही दोघं धापा टाकत चढलो. आत झालं होतं असं: एका माणसाने शिंदीच्या झाडूंचा लांब भारा वरच्या फळीवर चढवताना घंटीची दोरी त्यात अडकवली होती. भारा हलला, घंटी दोनदा वाजली.

"दोन वाजल्या का मी सोडतो," ड्रायव्हर वळूनही न बघता म्हणाला. "दोर तू वढला का झाडूनं वढला, मले का मागं डोळे हायेत?"

"पण मी खाली होतो ना!"

"घंटी तर वर होती."

सगळी बस हसली. कंडक्टरने रुमालाने तोंड पुसलं, माझ्या सीटवरचा डबा उचलून मला दिला आणि विचारलं, "मच्छी हाय का यात? थंडगार लागून राह्यलं."

"शेण आहे," मी म्हणाले.

आता बस आणखी हसली. आणि मीही. गंमत म्हणजे या वेळी आवाज नीट निघाला होता.

ब्रह्मपुरीला सफियाताई घ्यायला आल्या होत्या. त्या पशुसखी आहेत. आसपासच्या गावांत जाऊन बायकांना शेळ्या-गायींची निगा शिकवतात, कोणतं जनावर आजारी आहे ते डॉक्टरांना कळवतात. ओढणी घट्ट बांधून वर हेल्मेट, आणि स्कूटरवर बसल्या की बोलणं सुरू, ते उतरेपर्यंत. त्यांच्या वडिलांचं बाजारपेठेत ढेपेचं दुकान आहे. सरकीची, जवसाची, सोयाबीनची पेंड पोत्यांत रचलेली. वडिलांनी, म्हणजे चाचांनी, मला पोत्यावरच बसवलं, चहा मागवला आणि मग मुद्द्यावर आले.

"बेटा, सोयाबीन खाऊन गाई बिघडतात असं तुमी लिहून राह्यल्या म्हणते सफिया. माझं दुकान बसून जाईन ना!"

मी घाईघाईने सांगितलं की तसं नाही. दुधाच्या गाईला खुराकात मापाने पेंड दिली तर सहसा काही बिघडत नाही. बराचसा पदार्थ तिच्या पोटातले जंतूच मोडून टाकतात. प्रश्न येतो तो तेच एक खाणं रोज, भरपूर आणि दुसरं काहीच नाही अशा वेळी.

"मंग ते लिहा. आधी ते लिहा," चाचा म्हणाले. म्हणून इथे आधी ते लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्कूटरवरून निघालो. वाटेत सफियाताईंनी सांगितलं की नळ्या भरायच्याच आहेत तर आधी देवाजीभाऊंच्या घरी जाऊ. तिथे चांदणी नावाची एक कालवड आहे. माजावर येते, वळू दाखवतात, आणि पुन्हा उलटते (गाभ राहत नाही, पुन्हा माजावर येते). किती वेळा झालं ते आता घरात कोणी बोलत नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, उद्या बाजार हाय. देवाजीभाऊ तिले बाजारात नेऊन राह्यले. घरात दोन दिवसांपासून चूल पेटते, पन बोलत कोनी नाई."

त्या घराची एक रीत आहे. पार्बताबाई, म्हणजे देवाजीभाऊंची बायको, लग्न होऊन आली तेव्हा माहेरची गाभण कालवड तिच्यासोबत आली होती. त्या गाईच्या वंशातली गाभण कालवड घरातल्या मुलीसोबत सासरी जायची. आता मुलगी रंजूचं लग्न अक्षय तृतीयेच्या सुमारास ठरलं होतं. आणि त्या वंशातली शेवटची मादी उरली होती ती चांदणी. तिची आई तिला जन्म देऊन गेली. चांदणी गेली तर गोठ्यात गायी राहतील, पण पार्बताबाईच्या माहेरची गाय संपेल.

"डॉक्टरनं पाह्यली. गर्भपिशवी साफ हाय म्हणे. रोग नाई," सफियाताई म्हणाल्या. "मंग काऊन उलटते, अल्ला जाने."

पूल आला. वैनगंगेचं हिवाळ्यातलं पात्र अर्धं वाळूचं, अर्धं निळ्या पाण्याचं. पुलाच्या अर्ध्यावर सफियाताईंनी मान वळवून ओरडून सांगितलं, "आता गडचिरोली जिल्हा!" जणू विमान दुसऱ्या देशात शिरलं होतं. पलीकडे कापलेल्या धानाच्या बांध्या (बांध घातलेले धानाचे तुकडे) रिकाम्या पडल्या होत्या, आणि त्यांतच ओलीवर लाखोळीचं (लाखेच्या डाळीचं) निळं-जांभळं फूल आलं होतं. मधूनमधून बोड्या (लहान तळी), त्यांत बगळे. मागच्या सीटवर मी एकटीच हसत होते.

गावात शिरलो तेव्हा गायकी (गुराखी) गावची गुरं घेऊन रानाकडे निघाला होता. लहान चणीच्या, चपळ, बरगड्या जराशा दिसणाऱ्या गायी. बहुतेकींच्या मागे वासरं. मी चालत्या कळपामागे धावत नळ्या भरल्या. ओसरीवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

देवाजीभाऊंच्या घरी चांदणी कोठ्यात (गोठ्यात) नव्हती. ती स्वयंपाकघराच्या दाराशी, मांडवाच्या सावलीत बांधलेली होती. कपाळावर पांढरा ठिपका, अंग तेल लावल्यासारखं चकचकीत. बरगडी शोधूनही सापडली नसती. पार्बताबाई तिच्यापुढे बसून परातीतलं काहीतरी मुठीने भरवत होत्या.

"ये व माय. लगन झालं का तुयं?"

"नाही." मी एवढंच म्हणाले आणि चांदणीकडे वळले.

"याही पोरीले बोलाचं काम नाई," त्या सफियाताईंना म्हणाल्या, पण रागाने नाही. "पाय, कशी हाय माझी चांदनी. मायवीण लेकरू. म्या बाटलीनं पाजली तिले."

परातीत सोयाबीनचे मोड होते. लांब, पांढरे, रसरशीत.

"हे रोज देता?"

"रोज. सकाळ-संध्याकाळ. आधी मूठभर देत होतो. उलटली का वाढवतो. ताकद पायजे ना गाभ धराले." इकडे बायकाही 'मी देतो, मी जातो' असंच म्हणतात, ऐकायला फार छान वाटतं. "आन् ते लसूनघास. तिच्यासाठी लावलं परसात. दुसऱ्या कोनाले नाई देत."

मग त्यांनी अभिमानाने चांदणीची कास दाखवली. कधीही न व्यालेल्या कालवडीची कास भरलेली होती. सड दाबला तर पाण्यासारखा थेंब आला. गावातल्या बायकांनी ती कास पाहून गाभण असल्याचं सांगून टाकलं होतं. मग पार्बताबाईंनी खुराक आणखी वाढवला. मग ती पुन्हा उलटली.

मी परसात गेले. लसूणघासाचा वाफा हिरवागार होता, पण पानांवर तपकिरी ठिपके पडले होते, कडा पिवळ्या. मी खाली बसले आणि एक पान हातात घेतलं. पानावर रोग पडला की हे झाड तो इस्ट्रोजेनसारखा पदार्थ जास्तच बनवतं, हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं वाक्य आणि हातातलं पान एकमेकांशेजारी आली. वरून मोडाची परात. वरून ती कास. मी पुन्हा एकदा नीट बघून घेतलं, चूक तर होत नाही ना. कोठ्यातल्या बाकी गायी तणस (भाताचा पेंढा) खातात, रानात चरतात, त्याच वळूपासून फळतात. घरात एकच जनावर वेगळं खातं, आणि तेच रिकामं राहतं.

मी सफियाताईंच्या कानात सांगितलं. त्यांनी डोळे मोठे केले.

"मले काऊन सांगता? त्याईले सांगा ना!"

"तुम्हीच सांगा."

"मी नाई. माझ्यानं तुमच्यासारखं समजावनं नाई होनार."

ओसरीवर देवाजीभाऊ दोर वळत बसले होते. उद्या चांदणीच्या गळ्यात बांधायचा दोर. रंजू उंबऱ्यात उभी होती, हात बांधून. मी बोलायला लागले तर सगळे शब्द इंग्रजी आले. थांबले. पुन्हा सुरुवात केली.

"तिला काही रोग नाही. तिला जे खायला मिळतं त्यानं होत असेल. मोड आणि तो घास."

पार्बताबाईंचा हात परातीतच थांबला. "म्हंजे माझ्या हातानं केलं म्हनते तू?"

चांदणीने मान लांब करून परात चाटली. मला वाटलं, आता उठून स्कूटरवर बसावं. आणि मग मला सिंदेवाहीची बस आठवली.

मी ती गोष्ट सांगितली. झाडूचा भारा, दोरी, दोन घंट्या, खाली राहिलेला कंडक्टर. देवाजीभाऊ ओठांच्या कोपऱ्यातून हसले. मी म्हणाले, हिच्या अंगातही अशीच गाडी आहे. खरा कंडक्टर तिच्या अंडाशयात बसलेला आहे. तो वेळेवर घंटी देतो, मग डोक्यातला ड्रायव्हर पुढचं काम करतो, बीज सुटतं. मग दुसरं हार्मोन तयार होतं, प्रोजेस्टेरॉन, ते गाभ धरून ठेवतं. पण या चाऱ्यात असं काही आहे, की ते दिवसभर दोरी ओढत राहतं. ड्रायव्हर काय करणार? त्याला वाटतं घंटी खरीच आहे. कास भरायला लागते, माज दिसतो, सगळं बाहेरून बरोबर. आत मात्र कंडक्टर खाली राहिलेला असतो. गाभ धरणारं हार्मोन पुरेसं तयारच होत नाही.

"झाडूवाल्याची पन चूक नव्हती म्हना," रंजू हळूच आईकडे बघत म्हणाली.

"नव्हती," मी म्हणाले. "तो भारा नीट ठेवायलाच गेला होता."

देवाजीभाऊंनी दोर खाली ठेवला. "म्हंजे मोड बंद केले का ही फळन?"

"सांगता येत नाही."

"सांगता येत नाई म्हनता, आन् बाजार चुकवा म्हनता?"

"हो," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "तुमच्या बाकीच्या गायी फळल्या. हिचं खाणं तेवढं वेगळं आहे. होळीपर्यंत तिला त्यांच्यासारखं खाऊ द्या. तरी उलटली तर माझं चुकलं."

उत्तर दिलं ते रंजूने.

"बाबा, बाजार दर हप्त्याले भरते. लगन काई मी दर हप्त्याले करनार नाई."

सफियाताई इतक्या मोठ्याने हसल्या की चांदणी दचकली. देवाजीभाऊ उठले, तो नवा दोर खुंटीला टांगला आणि म्हणाले, "जेवाले वाढा यांले. पोटात काई नाई, आन् भाषन करून राह्यली पोरगी."

पार्बताबाई मात्र हसल्या नाहीत. जेवायला तांदळाच्या भाकरी होत्या, लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी आणि पोपटाच्या शेंगांचा (वालाच्या) रस्सा. माझ्या ताटात त्या पुन्हापुन्हा वाढत होत्या, पण माझ्याकडे बघत नव्हत्या. रात्री आम्ही तिथेच राहिलो.

सकाळी चांदणीला सोडलं. गावचा कळप दारावरून जात होता. ती गल्लीच्या तोंडापर्यंत गेली, वळली आणि धावत स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन हंबरायला लागली. गायकीने तिला पुन्हा हाकललं. पुन्हा ती परत. कळपात कसं चालतात हे तिला ठाऊकच नव्हतं. तिसऱ्यांदा ती आली आणि पार्बताबाईंच्या पदरात तोंड खुपसून मोड शोधायला लागली. त्यांचे डोळे भरले. मला वाटलं, संपलं.

त्यांनी पदर खोचला, कोपऱ्यातली काठी घेतली आणि चपला घातल्या. "चाल," त्या चांदणीला म्हणाल्या. "मी येतो तुयासंग."

आणि त्या निघाल्या. पुढे पार्बताबाई, मागे चांदणी, तिच्यामागे नळी हातात धरून मी. बांध्या ओलांडल्या, बोडीच्या काठाने गेलो, आणि मोहाच्या झाडांपाशी रान सुरू झालं. बाकीच्या गायी पसरल्या. चांदणी मधोमध उभी राहून बघत होती. पार्बताबाई मोहाच्या मुळावर बसल्या आणि मुद्दाम दुसरीकडे तोंड केलं. "माझ्याकडे पायलं का येईन ते."

मी बघत होते. तिने जमीन हुंगली. पळसाचं पान चाखून टाकून दिलं. शेजारची म्हातारी गाय सुकलेलं गवत उपटून खात होती, ते बघत राहिली. मग तिने मान खाली घातली.

"खाऊन राह्यली का व?" पार्बताबाईंनी न वळता विचारलं.

"खातेय!"

"खरं?"

"खरंच खातेय!"

त्या वळल्या आणि आम्ही दोघी, तिचं लक्ष जाऊ नये म्हणून तोंडावर हात दाबून, हसत राहिलो. थोड्या वेळाने चांदणीने शेपटी उचलली. मी नळी घेऊन धावले, बोडीकाठच्या चिखलात घसरून बसले, पण नळी वर धरली होती. "धरलं का?" पार्बताबाई ओरडल्या. "धरलं!" मी म्हणाले. माझी पँट आणि कुडता यांबद्दल न बोललेलं बरं.

निघताना मी रंजूकडे स्पिरिट घातलेल्या नळ्या ठेवल्या, कसं भरायचं ते दाखवलं. सफियाताई त्या दर काही दिवसांनी पाठवणार होत्या. रंजू म्हणाली, "सासरी काय सांगू? लग्नाआधी मी काय करत होतो? शेन भरत होतो?" एसटीत मी खिडकीशी बसले. या वेळी डबा मांडीवर होता. सिंदेवाहीला उतरले नाही.

पुण्यात परतल्यावर पहिल्या नळ्यांचे आकडे आले. चांदणीच्या त्या सकाळच्या नळीत प्रोजेस्टेरॉनच्या खुणा जवळजवळ नव्हत्याच. पण एका नळीवरून काही कळत नाही. माजाच्या आसपास हा आकडा तसाही खाली असतो. मग ब्रह्मपुरीहून पाकिटं येत राहिली. आकडा खालीच रेंगाळला. सर म्हणाले, थांबा. एका पाकिटासोबत सफियाताईंनी निरोप पाठवला: कास ओसरली आहे. पुढच्या पाकिटाचा: आता ती गायकीच्या हाकेला येते, स्वयंपाकघराकडे बघतही नाही, पार्बताबाईंना जरा वाईट वाटतं. त्यापुढचा: मोड आता घरातले लोक खातात, आणि पार्बताबाई विचारतात, माणसाला काही होत नाही ना? (आपल्या ताटातल्या वाटीभर मोडांची चिंता नको, असं मी कळवलं.)

मग आकडा चढला. छान, नीट चढला, माजानंतर चढायला हवा तसा. होळीच्या सुमारास तिला वळू दाखवल्याचं कळलं. गाभ राहिला नाही तर तो आकडा काही आठवड्यांत पुन्हा कोसळतो. मी पुढच्या पाकिटाची वाट बघत होते, जेवतानासुद्धा. पाकीट आलं. आकडा कोसळला नव्हता. त्यानंतरचं आलं. तरी कोसळला नव्हता.

मी फोन घेऊन प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात आले. आमच्याकडे व्हरांड्यात कोणी मोठ्याने बोलत नाही, आणि मी तर खोलीतही बोलत नाही. या प्रवासातून मी काय आणलं असं घरचे विचारत होते. न तांदूळ आणला, न मोहाची फुलं. फक्त एवढं कळलं की ज्या आकड्यांकडे मी इतके दिवस वाकून बघत होते, त्यांच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी दारात उभं असतं. दर वेळी.

फोन पार्बताबाईंनी उचलला.

"आवाज नाई येऊन राह्यला व! कोन?"

"मी! पुण्याहून!"

"कोन?"

"शेणवाली!"

"हां, बोल व माय!"

"चांदणी गाभण आहे असं दिसतंय! डॉक्टरांकडून तपासून घ्या, पण गाभण आहे!"

शेजारच्या खोल्यांची दारं उघडली. कोणीतरी बाहेर डोकावलं. मग दूरवरून, फोन तोंडापासून लांब धरून, पार्बताबाई देवाजीभाऊंना हाका मारताना ऐकू आल्या. पुन्हा फोन जवळ आला.

"थांब, हे आले. रंजीही आली. पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. आधीपेक्षा मोठ्याने.